ऑसिलेटरची थरथर आणि १०५ मीटर केबल

प्रोजेक्टसाठी व्हीसीओ बनवला, काउंटरवर १० मेगाहर्ट्झ दिसले की आपण खूश! पण काउंटर सांगतो ती सरासरी. ऑसिलेटर त्या सरासरीभोवती सतत थरथरत असतो. ही थरथर म्हणजे फेज नॉइज. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे सिग्नल जुळवायचे तर सगळ्यांचा फेज एकमेकांशी बांधलेला हवा. तो सुटला की आकाशातून आलेला क्षीण सिग्नल बेरजेत विरून जातो.

मग ही थरथर मोजायची कशी? स्पेक्ट्रम अॅनालायझरचा स्वतःचा ऑसिलेटरही थरथरतोच. दुसरा उत्तम ऑसिलेटर आणावा तर तो महाग, शिवाय आपला व्हीसीओ इतका सरकतो की दोघांना लॉक करताना जीव जातो. फ्रिक्वेन्सी डिस्क्रिमिनेटरला दुसरा ऑसिलेटर लागतच नाही.

माझं गाव पाली, राजगडाच्या पायथ्याचं. गडाचा पाली दरवाजा याच बाजूला. समजा, कड्याकडे तोंड करून एकच सूर लांबवला आणि कडा १७० मीटरवर असला, तर प्रतिध्वनी १ सेकंदाने येतो. आत्ताचा सूर आणि सेकंदापूर्वीचा सूर एकत्र कानावर पडतात. मधे सूर हलला असेल तर लगेच पकडला जातो.

इथे कड्याचं काम केबल करते. स्प्लिटरने सिग्नलचे दोन भाग करायचे. एक थेट मिक्सरला, दुसरा केबलमधून. साध्या पॉलिथिलीनच्या कोअॅक्समध्ये सिग्नलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. १०० मीटरमध्ये १० मेगाहर्ट्झच्या बरोबर ५ लहरी बसतात. पण मिक्सरला दोन्ही बाजूंत ९० अंशांचा फरक हवा, म्हणून पाव लहरीची, म्हणजे ५ मीटर केबल जास्त. मिक्सरचा डीसी शून्यावर आला की समजायचं, जमलं! आता फ्रिक्वेन्सी जरा हलली की तेवढ्या प्रमाणात व्होल्टेज हलतं. ते लो-पास फिल्टर आणि लो-नॉइज अॅम्प्लिफायरमधून अॅनालायझरला द्यायचं.

कॅलिब्रेशन मात्र टाळू नका, नाहीतर आकडे नुसते शोभेचे. सिग्नल जनरेटरवरून माहीत असलेलं एफएम द्या. मिक्सर रेडियनला ०.३ व्होल्ट देत असेल, तर १ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला साधारण १ मिलिव्होल्ट यायला हवा.

केबल लांब केली की संवेदनशीलता वाढते, पण सिग्नल झिजतो आणि वरची मर्यादाही खाली येते. १०५ मीटरला सुमारे ३०० किलोहर्ट्झ ऑफसेटपर्यंत सरळ हिशोब चालतो, १.९ मेगाहर्ट्झला तर आउटपुट शून्यच. कॅरियरच्या जवळ दुसरी अडचण. मोजतो आपण फ्रिक्वेन्सी, फेज काढायला ऑफसेटच्या वर्गाने भागावं लागतं. त्यामुळे ऑफसेट दहापट कमी झाला की यंत्रणेचा स्वतःचा नॉइज २० डीबीने वर येतो. म्हणून चांगल्या क्रिस्टल ऑसिलेटरला ही पद्धत लावू नये. त्याची थरथर यंत्रणेच्या नॉइजखालीच बुडते. आपल्या व्हीसीओंना तो धोका नाही, ते भरपूर थरथरतात! फक्त रीडिंग घेताना केबलच्या वेटोळ्याला कोणी हात लावू नये, आणि ५० हर्ट्झच्या पटीत दिसणारी टोकं व्हीसीओच्या नावावर लिहू नयेत.