हत्यारांची पेटी हलकी ठेवा

पोरांनो, २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला. तेव्हापासून आयटीआय झालेली बरीच मुलं जर्मन शिकू लागली आहेत. भाषा शिका, कागदपत्रं नीट करा, हे सगळेच सांगतात. हत्यारं कुठून घ्यायची, माल कसा ओळखायचा, हे कोणी सांगत नाही आणि नवा माणूस नेमका तिथंच अडतो. सुतार, प्लंबर, वायरमन, तिघांनीही हे कानात ठेवा.

पेटीत मोजकंच भरा. हाताला बसलेली पटाशी, हातोडी, ओळंबा एवढं न्या. धारदार वस्तू चेक-इन सामानात टाका. ड्रिलच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच लागतात आणि १०० वॅट-तासांवर गेल्या की विमान कंपनीची परवानगी हवी. १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ९० वॅट-तासांची भरते. वायरची यंत्रं इथून नेऊच नका. वीज तिथेही २३० व्होल्टच आहे, पण पिन वेगळी आणि साइटवरच्या यंत्रांची ठरावीक मुदतीने तपासणी होऊन त्यांवर स्टिकर लागतो. ॲडॉप्टर लावलेला आपला ग्राइंडर तिथला मुकादम हातात धरू देणार नाही.

पहिल्या पगारात दुकान लुटू नका. सेफ्टी बूट, हेल्मेट, गॉगल देणं ही तिथे मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. मोठी यंत्रंही बहुधा कंपनीचीच असतात. करारावर सही करण्याआधी विचारा, ‘हत्यारांपैकी माझं काय, तुमचं काय?’

सूत विसरा. ‘अडीच फूट तीन सूत’ तिथे कोणाला कळणार नाही. सगळा हिशेब मिलिमीटरमध्ये. दोन मीटरची घडीची लाकडी पट्टी प्रत्येकाच्या खिशात असते, जाताच ती घ्या. स्क्रूची डोकी बहुतेक सहा पाकळ्यांची, टॉर्क्सची. आपला स्टार पेचकस त्यात घालाल तर डोकं खराब कराल. सुतारांना एक दिलासा आहे. कपाटाच्या बिजागरीचं ३५ मिलिमीटरचं भोक तिथेही तेच. पुण्या-मुंबईत तुम्ही ज्या हाफेलेच्या बिजागऱ्या बसवता, ती कंपनी बाडेन-वुर्टेमबर्गमधल्याच नागोल्डची.

आधी भिंत, मग गिट्टी. प्लास्टिकच्या गिट्टीचं नाव ज्यांच्याशी जोडलं गेलं, ते आर्टुर फिशर याच राज्यातले. त्यांची नायलॉनची गिट्टी १९५८ची. तिथे पोकळ विटेची, जिप्सम बोर्डाची, भरीव दगडी विटेची अशा नाना भिंती भेटतात आणि प्रत्येकीची गिट्टी वेगळी. पोकळ विटेत हॅमर बंद करून भोक पाडा, नाहीतर आतले पडदे फुटतात आणि गिट्टी धरत नाही.

वायरमननी हे दोनदा वाचा. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल; तिथे काळी म्हणजे फेज. आपल्या थ्री-फेजमध्ये निळी फेज असते; तिथे निळी न्यूट्रल. तपकिरीही फेज, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या घरांत तर लाल वायर अर्थिंगला वापरलेली सापडते, जी आपण डोळे झाकून फेज धरू. म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही. पेचकसासारख्या टेस्टरवरही नाही. दोन टोकांचा टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय वायरला हात नाही.

प्लंबरांनो, सांडपाण्याच्या करड्या पाइपांना सोल्युशन लागत नाही. रबरी रिंग असते, जरा वंगण लावून एकमेकांत सारायचे. पिण्याच्या पाण्याचे पाइप बरेचदा प्रेस मशीनने जोडतात. आट्यांचं माप मात्र अजून इंचातच, आणि जुन्या मिस्त्रींनी शिकवलेलं तागाचं सूत पेस्ट लावून गुंडाळणं तिथे आजही चालतं. ज्यांना ते येतं, त्यांनी विसरू नका.

दुकानं दोन तऱ्हेची. ओबी, हॉर्नबाख, बाउहाउस ही सगळ्यांसाठी खुली. बोर्ड तिथेच मापात कापून मिळतो, महागडं यंत्र बहुतेक ठिकाणी भाड्यानेही मिळतं. घाऊक दुकानं फक्त धंद्याची नोंद असलेल्यांना माल देतात आणि तिथल्या किमतीत १९ टक्के कर धरलेला नसतो. दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारीच यादी संपवा. घासाघीस, उधारी विसरा. पावती मात्र जपून ठेवा. माल सदोष निघाला तर ती दाखवून दुकानदाराकडे हक्काने दाद मागता येते.

हत्यारं आली म्हणून बाहेरची कामं घेऊ नका. वीज, नळ, सुतारकाम यांचा स्वतंत्र धंदा करायला तिथे मास्टरची पदवी किंवा सरकारी मंजुरी लागते. नोंदणीशिवाय रोखीने केलेलं काम बेकायदा ठरतं आणि शेवटी व्हिसावर येतं. चार पैशांसाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज पाण्यात घालू नका.

पहिले तीन महिने बघा, विचारा, हत्यारांची नावं वहीत लिहा. शेजारी काम करणारा जर्मन मिस्त्री कुठून काय घेतो ते पाहा आणि मगच खिशात हात घाला. कसब तुम्ही इथून घेऊन जाताच आहात. हत्यारं तिथली भिंत आणि तिथलं काम पाहून घ्या.