परीक्षेत उत्तम गुण, मग पासवर्ड उघडे का?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणक सुरक्षेच्या पेपरात तिला छान गुण मिळाले. तरीही तिच्या प्रोजेक्टमध्ये पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले निघाले. मग ती शिकली काय? आणि मुलं हे कितपत शिकतात, ते कुणी तपासतं का?

उत्तर : तपासतात, आणि तुम्हाला पडलेल्या कोड्यापासूनच ती तपासणी सुरू होते. पेपरात प्रश्न सुरक्षेचा आहे हे आधीच कळलेलं असतं. काम करताना तसं कुणी सांगत नाही. त्यामुळे पेपरातल्या गुणांवरून आठवण कळते, सवय कळत नाही. सवय पाहायची, तर हेतू न सांगता काम द्यावं लागतं.

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी तेच केलं. संगणकशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांना त्यांनी एका संकेतस्थळासाठी नावनोंदणीचा भाग लिहायला दिला. निम्म्यांना ‘पासवर्ड सुरक्षित साठवा’ असं स्पष्ट बजावलं, उरलेल्यांना त्याबद्दल काहीच सांगितलं नाही. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न सांगितलेल्यांपैकी एकानेही पासवर्ड सुरक्षित साठवले नव्हते.

सुरक्षित साठवणं म्हणजे काय? पासवर्डवर हॅशिंग नावाची गणिती प्रक्रिया करून फक्त तिचं उत्तर ठेवायचं. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसा हॅश उलटवून मूळ पासवर्ड काढता येत नाही. प्रत्येक पासवर्डला आधी एक वेगळी यादृच्छिक अक्षरमाला जोडतात, तिला सॉल्ट म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगवेगळे येतात. हॅशची पद्धतही मुद्दाम संथ निवडतात, म्हणजे चोराला अंदाज बांधून एकेक पासवर्ड जुळवून पाहणं महाग पडतं.

आता दोन गैरसमज. पहिला, मुलांना हे ठाऊकच नसतं. काम संपल्यावर झालेल्या मुलाखतींत दिसलं, की काहींना हॅशिंग माहीत होतं. पण मागितलेलं नाही म्हणून त्यांनी ते केलं नाही. प्रोग्राम चालला की काम झालं, हीच त्यांची कसोटी होती. दुसरा गैरसमज, नोकरी लागली की आपोआप जमतं. याच संशोधकांनी पुढे 43 फ्रीलान्स प्रोग्रामरांना पैसे देऊन तसंच काम दिलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही अनेकांनी सुरुवातीला पासवर्ड उघडेच ठेवले होते.

तेव्हा तुमच्या मुलीचे गुण खोटे नाहीत. सुरक्षा एका सत्रापुरता विषय म्हणून शिकवली, की ती त्या पेपरापुरतीच राहते. डेटाबेस असो वा वेब प्रोग्रामिंग, प्रत्येक असाइनमेंटमध्ये सुरक्षेला गुण असायला हवेत, आणि ते शिक्षकांच्या हातात आहे. तुम्ही मात्र मुलीला पुढच्या प्रोजेक्टच्या वेळी एवढंच विचारा : ‘हा डेटाबेस उद्या चोरीला गेला, तर चोराला काय वाचता येईल?’