आवाज बसला तर आवाज वाढवू नका

अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण बंद पडला तर शोध सोपा असतो. वीज, फ्यूज, पिन, एवढ्यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं. अवघड असतो तो मध्येच बसलेला आवाज. दिवा लागलेला आहे, पंखा फिरतोय, गिटारही वाजतेय, पण बेस अर्ध्यावर आलाय. अशा वेळी मंचावरच्या प्रत्येकाचा हात आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. तोच हात आधी धरा.

मी भीमगीतांच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. हिंगोली जिल्ह्यात जयंती १४ एप्रिलला संपत नाही. वस्त्यावस्त्यांवरचे कार्यक्रम पुढे कितीतरी दिवस चालू राहतात. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतल्या या गाण्यांत शब्द आधी, हे मान्यच आहे. पण ढोलकीखाली बेस नसेल तर मैदानात मागे बसलेल्या माणसापर्यंत गाणं अर्धंच पोचतं, म्हणून मी या अ‍ॅम्पला जीव लावतो.

वसमतकडच्या एका गावातला कार्यक्रम. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करायचे दिवस. पॉलिशच्या ड्रममधून उडालेली पिवळी धूळ मंडपापर्यंत येत होती. कार्यक्रम रंगात आला आणि बेस बसला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस काही त्यातला नव्हता. म्हणून सगळे घाईत. आमच्यातल्या एकाने मास्टर पुरा फिरवला. आवाज जेमतेम वाढला. थोड्या वेळाने नाचणाऱ्या पोरांमुळे मंच हलला, अ‍ॅम्पच्या मागचा सैल संपर्क आपोआप जुळला आणि सगळी ताकद एकदम कॅबिनेटवर गेली. फाडकन आवाज झाला, मागोमाग जळका वास. पंधरा इंची स्पीकरची कॉइल गेली होती.

मूळ बिघाड एका सॉकेटमधल्या पत्तीचा होता. जागेवर दुरुस्त झाला असता. कॉइलसाठी मात्र नांदेड गाठावं लागलं आणि ऐन हंगामातले कार्यक्रम एकाच कॅबिनेटवर काढावे लागले.

बटण फिरवून असा आवाज परत येत नाही, याचं कारण साधं आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. तेवढी ताकद अ‍ॅम्पमध्ये शिल्लक नसते. मग क्लिपचा लाल दिवा लागतो, लाटेचे माथे कापले जातात आणि कॉइल तापते.

शेतात मोटार चालू आहे आणि शेवटच्या तोटीला पाणी नाही, तर शेतकरी पाइपलाइन मधोमध उघडून बघतो. अ‍ॅम्पचंही मधोमध उघडता येतं. बऱ्याच बेस अ‍ॅम्पच्या पाठीवर सेंड आणि रिटर्न अशी दोन सॉकेट असतात. सेंडपर्यंत प्रीअ‍ॅम्प, रिटर्नपासून पुढे पॉवर अ‍ॅम्प आणि कॅबिनेट. मास्टर शून्यावर आणा, मग एक आखूड गिटार केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा आणि मास्टर हळूहळू वर न्या. आवाज भरून आला, तर दोषी सापडला. रिटर्नमध्ये काही लावलेलं नसताना आवाज पुढे नेणारी एक पत्ती त्या सॉकेटच्या आत असते. वर्षानुवर्षं तिथे कुणी पिन लावत नाही, आणि धूळ-दमटपणाने तिच्यावर थर चढतो. आमच्या अ‍ॅम्पमध्ये हेच झालं होतं. ती केबल तशीच ठेवून कार्यक्रम पूर्ण करता येतो. नंतर अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि पिन काही वेळा आतबाहेर करायची. रॉकेल किंवा पॉलिशपेपर वापरू नका. पॉलिशपेपरने वरचा मुलामा निघतो आणि दुखणं कायमचं होतं.

केबलने फरक पडला नाही, तर फोनवरचं गाणं योग्य वायरीने, अगदी कमी आवाजात रिटर्नमध्ये सोडा. ते खणखणीत आलं तर बिघाड सेंडच्या आधीच्या अर्ध्यात आहे. गिटारपासून सुरुवात करा. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की आवाज बारीक आणि फाटका होतो. केबल गिटारला लावलेली राहिली की वाजवत नसतानाही बॅटरी खर्च होत राहते, त्यामुळे दुपारच्या साउंड चेकनंतर पिन काढून ठेवायची सवय लावा. मग केबल बदलून बघा, पेडल मधून काढा, आणि इनपुटजवळचं अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचं बटण चुकून दाबलं गेलंय का तेही पाहा. ते दाबलं की आवाज मुद्दामच खाली येतो.

फोनचं गाणंही दबकंच आलं, तर पॉवर अ‍ॅम्प आणि कॅबिनेटकडे चला. इथून पुढे कुठलीही वायर काढण्याआधी अ‍ॅम्प बंद. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला शॉर्ट सोसत नाही, आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्पीकॉनची पिन नुसती आत घालून भागत नाही, खट् होईपर्यंत फिरवावी लागते. स्पीकरला गिटारची केबल लावणं तर सर्रास दिसतं. ती बारीक असते, तेवढा करंट तिला पेलत नाही.

वायर ठीक असेल तर कॅबिनेट सुटं करून मल्टिमीटर लावा. आठ ओहमचं कॅबिनेट मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतं. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली किंवा आतली तार सुटली. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला, तर एखादा स्पीकर मेला असेल. बाकीचे वाजत राहतात, म्हणून ते लक्षात येत नाही.

एक बिघाड मात्र मीटरलाही दिसत नाही. दोन्ही कॅबिनेट एकेकटी छान वाजतात आणि एकत्र लावली की बेस नाहीसा होतो. दुरुस्तीत एकाची अधिक-उणे तार उलटी जोडली गेलेली असते. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, त्याची हवेतली लाट आठ मीटरहून लांब. शेजारी ठेवलेली दोन कॅबिनेट एवढ्या लाटेपुढे एकाच जागी असल्यासारखी, त्यामुळे ती एकमेकांना खोडतात. दीड व्होल्टचा सेल प्रत्येक कॅबिनेटच्या तारांना क्षणभर टेकवा, अधिकला अधिक. दोन्हींचे कोन एकाच दिशेला हलायला हवेत. रिकोन करून आणलेला स्पीकर मी या परीक्षेशिवाय गाडीत ठेवत नाही.

एप्रिलमध्ये उष्णतेचा वेगळा विचार करावा लागतो. पंख्याची जाळी धुळीने बुजली की अ‍ॅम्प तापून स्वतःला आवरतो आणि थंड झाल्यावर पुन्हा बोलतो. हा बिघाड नव्हे, त्याला वारा द्या. वीजही तपासा. लांबवरून बारीक वायरीने आणलेल्या लाइनवर हॅलोजन लागले की व्होल्टेज कोसळतं. त्याहून वाईट म्हणजे मंडपातलं सैल न्यूट्रल. २३० च्या जागी काही उपकरणांना चारशेच्या आसपास व्होल्ट पोचू शकतात. मंडपातले बल्ब कुठे मंद, कुठे भगभगीत झाले, तर सगळं बंद करून वायरमनला बोलवा. घरघर जावी म्हणून अर्थिंगची पिन कापणाऱ्याला तिथेच अडवा. मायक्रोफोनला तोंड लावून गाणाऱ्याचा जीव त्या पिनेवर असतो. फ्यूज त्याच आकड्याचा लावा, त्या जागी तार नाही. अ‍ॅम्पचं झाकण मंचावर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

आणि दहाला थोडाच वेळ उरला असेल तर हा सगळा शोध सकाळवर टाका. पेटीत एक डीआय बॉक्स ठेवा, बेस त्यातून थेट मिक्सरला द्या, चॅनलचा फेडर तळाशी ठेवून हळूहळू वर आणा आणि ढोलकीवाल्याला सांगा की मंचावर बेस ऐकू येणार नाही, ताल त्यानेच धरून ठेवावा.