कुठंही उभा राहणारा गडी

प्रश्न : अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये आतल्या मैदानात कुठंही खेळू शकणारे खेळाडू असतात म्हणे. त्यांची कारकीर्द कशी होते? आपल्याकडे असा कुणी झाला का?
– एक वाचक, पिंपळवंडी (ता. जुन्नर)

उत्तर : बेसबॉलच्या आतल्या मैदानात क्षेत्ररक्षकांच्या मुख्य जागा चार : पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप. चारही जमणारा गडी संघाला हवाच असतो, कारण कुणी जायबंदी झालं की याला तिथं धाडता येतं. पण हक्काची जागा अशाला क्वचितच मिळते. क्युबाच्या बर्ट कॅम्पानेरिसनं ८ सप्टेंबर १९६५ रोजी एकाच सामन्यात मैदानावरच्या नऊच्या नऊ जागा सांभाळल्या. शेवटी कॅचर असताना टक्कर होऊन तो जखमी झाला. हा सगळा गर्दी खेचायचा खेळ. त्याचं नाव झालं ते शॉर्टस्टॉप म्हणून. त्याच्या ओकलंड संघानं १९७२ ते १९७४ सलग तीनदा वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा ती जागा त्याची होती.

आपल्याकडे, खेळ वेगळा असला तरी, मी क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांचंच नाव घेईन. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचे. एकनाथ डावखुरा फलंदाज, मध्यमगती टाकणारा आणि गरज पडली तर फिरकीही. १९७१ मध्ये किंग्स्टनला भारताची ५ बाद ७५ अशी दैना असताना त्यांनी दिलीप सरदेसाईंबरोबर १३७ धावा जोडल्या. त्याच वर्षी ओव्हलवर नवा चेंडू हाताळून २८ धावांत ३ बळी, फलंदाजीत ४४, आणि दुसऱ्या डावात व्यंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा सूर मारून घेतलेला झेल. भारतानं इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकली ती याच सामन्यात.

तरी नुसत्या धावा आणि बळी मोजले तर सोलकर मधल्या फळीतले एक बरे खेळाडू ठरतात : २७ कसोटींत १०६८ धावा, एकच शतक, १८ बळी. संघातली त्यांची खरी जागा फॉरवर्ड शॉर्ट लेगला होती. हेल्मेट नाही, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर, समोर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, व्यंकटराघवन यांची फिरकी. त्या २७ सामन्यांत त्यांनी ५३ झेल घेतले. फिरकी चौकडीच्या बळींची वाटणी करताना यातला त्यांचा हिस्सा आपण नेहमी विसरतो.