पडीक शेत पुन्हां लागवडीस आणतांना

जळकोट व उदगीर तालुक्यांच्या डोंगराळ भागांत फिरतांना एखादें तरी शेत असें दृष्टीस पडतें कीं, ज्याचा धनी पुण्यास, लातुरास किंवा हैदराबादेस आहे, बांध फुटलेले आहेत, विहीर गाळानें भरली आहे आणि मधोमध बाभळी, बोरी व सीताफळी माजल्या आहेत. पुढें वारसांपैकीं कोणी परत येतो, अथवा शेजारी तें शेत खंडानें घेतो. त्याचें पहिलें काम म्हणजे यंत्र लावून सर्व झाडोरा उपटणें आणि मृगांत सोयाबीन पेरणें. दोन पावसाळ्यांत वरची माती ओढ्यास जाते, मुरूम उघडा पडतो आणि शेत पूर्वीहूनही वाईट स्थितींत पडीक राहतें. ह्या कामाचा क्रम उलट असावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. दहा एकरांचा नंबर, माथा मुरमाड, मध्यभाग हलका, खालीं ओढ्याकांठीं काळी जमीन, असा नमुना वाचकांनीं डोळ्यांसमोर धरावा.

लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें प्रथम कागदाविषयीं लिहिणें प्राप्त आहे. खड्डे खणण्यापूर्वीं सातबारा पाहावा. मयताचें नांव अद्याप चालू असेल, तर वारसाची नोंद करून घ्यावी. भाऊबहिणींचा हिस्सा असेल, तर वांटणी अथवा निदान लेखी संमति घ्यावी. चिंचेस फळ येण्यास आठ वर्षें लागतात, आणि फळ आल्यावर हिस्सेदार उभे राहतात, हें आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिलें आहे. बांध फुटलेल्या शेताची हद्द शेजाऱ्याच्या नांगराबरोबर सरकत असते. म्हणून भूमि अभिलेख कचेरीकडे अर्ज करून हद्द कायम मोजणी करावी व त्याच आठवड्यांत खुणांचे दगड पक्के रोवावे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, परक्याचा कब्जा मालकाविरुद्ध उघड व अखंड बारा वर्षें चालला, तर मालकीच्या आधारें तो परत मागण्याची मुदत संपते. परगांवीं राहणाऱ्या धन्यानें हा आंकडा विसरूं नये.

सातबाऱ्यांत पोटखराबा किती व कोणत्या वर्गाचा, हेंही पाहावें. खडक-खळग्यांमुळें नापीक असा वर्ग ‘अ’ मेहनतीनें सुधारला, तर लागवडीखालीं दाखल करून घेतां येतो. रस्ता, पाणवठा, स्मशान ह्यांसाठीं राखलेल्या वर्ग ‘ब’ ला हात लावूं नये. २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः नोंद करूं शकतो. तींत पिकाबरोबर बांधावरील झाडेंही लिहावींत.

आतां प्रत्यक्ष उदाहरण. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत, नायगांव येथें, विलासराव साळुंखे ह्या अभियंत्यानें देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घेतली. तेथें पाऊस आमच्याकडील पावसापेक्षां पुष्कळ कमी. त्यांनीं उताराला आडवे समपातळी बांध घातले, खालच्या अंगास पाझर तलाव केला, तलावाखालीं विहीर खोदली व तिचें पाणी वर उचललें. चढावर झाडें व गवत, सपाटीवर धान्य, अशी वांटणी केली. माळ हिरवा झालेला पाहून आसपासच्या गांवांनीं तोच मार्ग धरला व पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम कडक होते: पाणी माणशीं अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं, भूमिहीनासही वांटा, आणि ऊंस लावावयाचा नाहीं. साळुंखे २००२ सालीं निवर्तले. त्यांच्या कामांतून आपण घ्यावयाचें तें हें कीं, पाणी अगोदर आणि पीक मागाहून.

ह्याचें गणित अवघड नाहीं. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारें १,०२,८०० लिटर पाणी होतें. दहा एकरांवर एका इंचाचें दहा लाख लिटरांहून अधिक झालें. हें पाणी धांवलें, तर माती घेऊन जातें. थांबलें, तर विहिरींत उतरतें. पहिल्या उन्हाळ्यांत माथ्यापासून आरंभ करून आडवे चर काढावे, दोन फूट रुंद व एक ते दीड फूट खोल. माती उताराच्या खालच्या बाजूस टाकावी व पहिल्या पावसांत तिच्यावर मारवेल किंवा पवना गवत आणि गिरिपुष्प लावावें. पातळी डोळ्यांनीं ठरवूं नये. पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी दोघांनीं धरली, म्हणजे काम होतें. पायथ्यापासून आरंभ करणाऱ्याचे बांध वरून आलेल्या लोंढ्यानें पहिल्याच वर्षीं फुटतात. विहिरीचा गाळ काढला, तर तो टाकून न देतां मुरमावर पसरावा.

आपोआप वाढलेला झाडोरा हें शत्रूचें सैन्य नव्हे. तीं झाडें त्या जमिनीवर पाण्यावांचून जगलीं आहेत, हेंच त्यांचें प्रशस्तिपत्र. रानबोर उन्हाळ्यांत गुडघाभर उंचीवर तोडून, पावसाळ्यांत फुटलेल्या जोमदार फुटीवर उमराण जातीचा डोळा भरावा. मुळें जुनीं असल्यामुळें नव्या रोपापेक्षां फळ लवकर येतें. सीताफळीची गर्दी विरळ करून सशक्त खोडें राखावींत. लिंब व बाभूळ बांधापुरतीं ठेवावींत. खालच्या काळ्या जमिनींत मात्र हरळी-कुंद्यास दया नाहीं. तेथें उन्हाळी खोल नांगरट करून काशा वेंचून काढाव्या.

नवीन झाडांसाठीं आमचें जुनें माप सोयीचें पडतें. गुंठा म्हणजे ३३ फूट चौरस, आणि चिंचेस किंवा कलमी आंब्यास अंतरही तेवढेंच लागतें. म्हणजे गुंठ्यास एक झाड, एकरीं चाळीस. दहा एकरांचा नंबर चौकोनी असेल, तर बाजू वीस गुंठ्यांची व भोंवतालीं ८० झाडांची जागा होते. परंतु सर्व बाजूंस चिंच लावूं नये. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो व सांवली उत्तरेस पडते. उत्तर बांधावरील चिंच शेजाऱ्याच्या जोंधळ्यावर सांवली धरते व भांडण कचेरींत येतें. तिकडे छाटणीनें आटोक्यांत राहणारा शेवगा लावावा. चिंच माथ्यावरील मुरमांत लावावी. बियांचें रोप आठ-दहा वर्षांनीं फळतें, कलम चार-पांच वर्षांनीं. छत्रपती संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्रानें काढलेली ‘प्रतिष्ठान’ ही जात कलमास चांगली. आपल्याच जिल्ह्यांतील पटडी चिंचेस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि लातूरची पेठ चिंचेची जुनी गिऱ्हाईक आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडें १९६४ च्या कायद्यांत असून परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. लावतांनाच हें ध्यानीं असावें.

झाडें मोठीं होईपर्यंत मधल्या पट्ट्यांत उताराला आडवी तूर पेरावी व तिच्या ओळींमध्यें मूग किंवा हुलगा घ्यावा. पहिल्या वर्षीं मुरमाड पट्टा ताग पेरून फुलाच्या सुमारास गाडण्यास दिला, तर अधिक बरें. पैसा त्या वर्षीं येत नाहीं, आणि ज्यास खंडाचा बोजा आहे, त्यानें एकदम दहा एकर न घेतां दरसाल तीन-चार एकरच हातीं घ्यावे. गिरिपुष्पाचा पाला फुलण्यापूर्वीं कापून झाडांच्या बुडाशीं टाकावा.

पहिलीं तीन वर्षें मोकळें चरणें बंद असावें. उस्मानाबादी शेळी रोपाचा शेंडा खाते, गाय गवत उपटीत नाहीं पण चर तुडविते. गवत कापून बांधल्या दावणीस घालावें. एवढ्या रानाच्या चराऊ गवतावर व तुरीच्या भुसावर लाल कंधारी बैलांची एक जोडी व दोन-तीन शेळ्या ठेवून पाहाव्या. अधिक जनावरें घेण्यापूर्वीं एक उन्हाळा वैरण पुरते कीं नाहीं, तें पाहून मगच हाळी-हंडरगुळीच्या बाजारास जावें.