घरपट्टी : आकारणी, देयक आणि मालकाचे हक्क

प्रस्तावना

घर बांधणे हे सामान्य माणसाच्या आयुष्यातील मोठे कार्य. घर उभे राहिले की त्याच्यासोबत एक कायमचे देणेही दाराशी येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यास 'घरपट्टी' म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो 'मालमत्ता कर' होय. गुजरातेत त्याचे नाव 'मिलकत वेरो', हिंदी प्रदेशात 'गृहकर', तर तामिळनाडूत 'सोत्तु वरि'. नावे निराळी असली तरी कर एकच आहे. हा कर लाखो कुटुंबे नियमितपणे भरतात. परंतु देयकावरील आकडा कोठून आला, हे विचारणारे थोडेच असतात. न विचारता भरलेला कर कधी जास्त भरला जातो, आणि न वाचलेली नोटीस कधी हक्क गमावण्यास कारण ठरते. म्हणूनच या कराचा परिचय करून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- घरपट्टी बसविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सांगणे.
- आकारणीच्या तीन पद्धतींतील फरक स्पष्ट करणे.
- कराचे देयक वाचणे व त्यातील रक्कम पडताळून पाहणे.
- चुकीच्या आकारणीविरुद्ध काय करावे, हे सांगणे.

१. कराचा अधिकार

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ४९ व्या नोंदीत, जमिनी व इमारती यांवरील करांचा उल्लेख आहे. म्हणजे हा विषय राज्यांचा होय. राज्य विधिमंडळे कायदे करून हा अधिकार ग्रामपंचायती, नगरपरिषदा व महानगरपालिका यांना देतात. १९९२ मधील ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानात स्थान मिळाले आणि त्यांच्या कर बसविण्याच्या अधिकारासही आधार लाभला. मात्र संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. त्यामुळे देयकावरील प्रत्येक रकमेमागे कोणता नियम आहे, हे विचारण्याचा नागरिकास हक्क आहे. केंद्र सरकारच्या मालकीच्या मालमत्तेस २८५ व्या अनुच्छेदाने या करातून सूट दिलेली आहे.

रस्ते, दिवे, गटारे, कचरा उचलणे, अग्निशमन अशा सेवा गावात किंवा शहरातच द्याव्या लागतात. घर जागेवरून हलत नाही आणि लपविताही येत नाही. म्हणून स्थानिक संस्थेला या कराचा आधार निश्चित वाटतो.

२. इतिहासातील एक प्रसंग

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८१० साली बनारस शहरात घरांवर व दुकानांवर नवा कर बसविला. घराच्या वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि दुकानाच्या भाड्याच्या १० टक्के असा त्याचा दर होता. लोकांनी दुकाने बंद केली. लोहारांसारख्या कारागिरांनी कामे थांबविली आणि हजारो नागरिक घरदार सोडून शांतपणे धरणे धरून बसले. स्वतःच्या घरात राहण्यासाठी भाड्याच्या हिशेबाने पैसे का द्यावेत, आणि त्या मोबदल्यात काय मिळणार, असे त्यांचे प्रश्न होते. पुढे सरकारला हा कर मागे घ्यावा लागला. आज कर ठरविणाऱ्या संस्था लोकांनी निवडून दिलेल्या असतात, हा मोठा फरक आहे. तरीही 'आकारणी कशावर?' आणि 'मोबदला कोणता?' हे दोन्ही प्रश्न आजच्या करदात्याचेही आहेत.

३. आकारणीच्या तीन पद्धती

(अ) वार्षिक भाडेमूल्य पद्धती : घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज केला जातो. त्यातून दुरुस्तीसाठी काही वजावट केली की 'करयोग्य मूल्य' मिळते. महाराष्ट्राच्या कायद्यात ही वजावट १० टक्के आहे. ही पद्धती जुनी असून तिच्यात एक दोष होता. भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या घरांचे भाडे गोठलेले राहिले. करयोग्य मूल्य प्रमाणभाड्यापेक्षा अधिक धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात ठरविले. परिणामी एकाच रस्त्यावरील जुन्या प्रशस्त घराला थोडा आणि नव्या लहान घराला भारी कर अशी विषमता दिसू लागली.

(आ) एकक क्षेत्र पद्धती : या पद्धतीत भाड्याऐवजी क्षेत्रफळ पाहतात. वस्तीनुसार प्रति चौरस मीटर मूल्य ठरवून त्यास क्षेत्रफळाने गुणतात. नंतर बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व वापर यांचे गुणक लावतात. पाटणा शहराने १९९३ मध्ये क्षेत्रफळावर आधारलेली आकारणी सुरू केली. दिल्लीत ही पद्धती १ एप्रिल २००४ पासून आली. तेथे वसाहतींचे 'ए' ते 'एच' असे आठ गट करण्यात आले. त्या वेळी 'ए' गटासाठी प्रति चौरस मीटर ६३० रुपये, तर 'एच' गटासाठी १०० रुपये मूल्य ठरले. या पद्धतीत मालक स्वतःच आपला कर काढू शकतो. यास 'स्वयंआकारणी' म्हणतात.

(इ) भांडवली मूल्य पद्धती : येथे मालमत्तेची किंमत हा आधार असतो. मुंबईत २०१० पासून ही पद्धती लागू झाली. मुद्रांक शुल्कासाठी शासन जे बाजारमूल्य दर जाहीर करते, त्यावरून घराचे मूल्य काढले जाते. जागेची किंमत वाढली की मूल्य वाढते. परंतु मालकाचे उत्पन्न वाढलेले असतेच असे नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला हा भेद तीव्रतेने जाणवतो. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ मध्ये मालमत्ता करात माफी देण्यात आली.

४. एक उदाहरण

समजा, एका घराचे अपेक्षित भाडे दरमहा २,००० रुपये आहे आणि सर्व करांचा एकत्रित दर ३० टक्के आहे.

- वार्षिक भाडे : २,००० × १२ = २४,००० रुपये
- दुरुस्तीची वजावट (१० टक्के) : २,४०० रुपये
- करयोग्य मूल्य : २१,६०० रुपये
- वार्षिक कर (३० टक्के) : ६,४८० रुपये
- सहामाही हप्ता : ३,२४० रुपये

महाराष्ट्रातील महानगरपालिकांत एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन हप्ते असतात. हप्ता थकल्यास दरमहा २ टक्के शास्ती आकारली जाते. वरील हप्त्यावर ती दरमहा ६४ रुपये ८० पैसे, म्हणजे वर्षाला ७७७ रुपये ६० पैसे होते. थकबाकी लहान दिसली तरी ती वाढत जाते, हे यावरून लक्षात येईल.

५. देयक वाचताना

देयक हातात आले की प्रथम चार गोष्टी पाहाव्यात : मालकाचे नाव, मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार. निवासी घराची नोंद चुकून व्यापारी झाली, तर कर कितीतरी वाढतो. स्वतः राहत असलेल्या घराची नोंद भाडेकरूचे घर म्हणून झाली, तरीही फरक पडतो. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास भाडेमूल्यात ४० टक्के सवलत दिली जाते.

देयकात एकच कर नसतो. सामान्य कर, मलनिःसारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर अशी अनेक शीर्षके त्यात असतात. शिक्षण उपकर हा राज्य शासनाचा असून महानगरपालिका तो केवळ वसूल करून देते. ग्रामपंचायतीत 'नमुना ८' ही आकारणीची नोंदवही असते, तर 'नमुना ९' ही मागणीची. नमुना ८ चा उतारा मागून आपली नोंद तपासता येते.

६. हरकत आणि अपील

फेरआकारणी करताना स्थानिक संस्थेने मालकास कळविणे आवश्यक असते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांत ही आकारणी चतुर्वार्षिक असते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, तिची पोच घ्यावी आणि सुनावणीस कागदपत्रांसह हजर राहावे. निर्णय मान्य नसल्यास अपिलाचा मार्ग आहे. महानगरपालिकेच्या बाबतीत अपील न्यायाधीशांपुढे चालते. मात्र वादग्रस्त रक्कम आधी जमा करावी लागते. मुदत टळल्यास चुकीची आकारणीही कायम होण्याचा धोका असतो.

७. पावती म्हणजे मालकी नव्हे

अनेकांचा असा समज असतो की, घरपट्टीची पावती आपल्या नावे असली म्हणजे घर आपले झाले. हा समज खरा नाही. आकारणी नोंदवही कर वसूल करण्यासाठी असते. मालकी नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वारसाहक्क यांवरून ठरते. पावती हा पूरक पुरावा आहे, एवढेच.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. थकलेला मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरील बोजा असतो. समजा, एका कुटुंबाने आयुष्यभराच्या बचतीतून जुने घर विकत घेतले. परंतु कराची बाकी तपासली नाही आणि कार्यालयात नावही बदलून घेतले नाही. नोटिसा पूर्वीच्या मालकाच्या नावे जात राहतील, हरकतीची मुदत निघून जाईल आणि जप्तीचा प्रसंग मात्र या कुटुंबाच्या दारी येईल. खरेदीपूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला मागणे आणि खरेदीनंतर विनाविलंब हस्तांतराची नोंद करणे, या दोन साध्या कृतींनी हे संकट टळते.

सारांश

घरपट्टी हा स्थानिक संस्थेचा महत्त्वाचा कर आहे. तो भाडेमूल्य, क्षेत्रफळ किंवा भांडवली मूल्य यांपैकी एका आधारावर ठरतो. वेळेवर भरणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आकारणी तपासणे आणि मुदतीत हरकत घेणे हा त्याचा हक्क आहे.

स्वाध्याय

१. जुन्या घरांचा कर कमी राहण्याचे कारण स्पष्ट करा.
२. दरमहा ३,००० रुपये अपेक्षित भाडे असलेल्या घराचे करयोग्य मूल्य काढा.
३. 'पावती म्हणजे मालकी नव्हे' हे विधान उदाहरणाने पटवून द्या.
४. उपक्रम : आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या घराचे देयक मिळवा. त्यातील प्रत्येक शीर्षकाचा अर्थ लिहा आणि एक तरी नोंद प्रत्यक्ष मोजमाप करून पडताळून पाहा.