बेदाण्यांचा कणकेचा पाव

शाळेतून आल्यावर मधल्या वेळी काय खायचे, हा प्रश्न घरोघरी रोज पडतो आणि बिस्किटांचा पुडा हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर असते. तासगावचे बेदाणे घालून अख्ख्या गव्हाच्या पिठाचा पाव केला, तर तो बिस्किटांची जागा घेऊ शकेल काय? नुसता पौष्टिक आहे म्हणून कोणताही पदार्थ रोज खाल्ला जात नाही. पाव हलका फुगला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहिला पाहिजे. नेमक्या याच दोन बाबतींत कोंडा आणि बेदाणे अडचण करतात. गंमत अशी, की दोघांचीही तक्रार पाण्याविषयी असते!

गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे १४ टक्के कोंडा, अडीच-तीन टक्के अंकुर आणि बाकीचा पिठूळ गाभा असतो. मैदा म्हणजे केवळ हा गाभा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. मैद्यात हेच आकडे पावणेतीन ग्रॅम आणि दोन मिलिग्रॅमहून कमी असे आहेत. मग कोंड्यात दोष कोणता?

पीठ पाण्यात मळले, की त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. तो वायू या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. कोंड्याचे कण या जाळ्यात मध्येच येतात आणि ते तोडतात. शिवाय ते पाणी पितात, पण सावकाश. घाईने मळलेली कणीक प्रथम सैल वाटते आणि थोड्या वेळाने घट्ट होऊन बसते, ती यामुळेच.

हे डोळ्यांनी पाहा. एकाच मापाचे तीन उभट पेले घ्या. पहिल्यासाठी ५० ग्रॅम मैदा ३० मिलिलिटर पाण्यात, दुसऱ्यासाठी ५० ग्रॅम कणीक ३६ मिलिलिटर पाण्यात मळा. प्रत्येकात पाव चमचा कोरडे यीस्ट घाला. तिसऱ्यासाठी तेवढीच कणीक आणि तेवढेच पाणी घ्या, पण एक चमचा पाणी बाजूला ठेवून कणीक आधी अर्धा तास भिजू द्या. मग उरलेल्या पाण्यात यीस्ट कालवून तिच्यात मळा. यीस्ट घातल्याबरोबर प्रत्येक गोळा पेल्यात दाबून बसवा, उंचीची खूण करा आणि दर १५ मिनिटांनी मोजून आलेख काढा. मैदा बहुधा पुढे राहील. तिसरा पेला दुसऱ्याच्या किती पुढे जातो, ते मात्र तुम्हीच मोजायचे.

आता बेदाणे. त्यांत जेमतेम १५ टक्के पाणी असते, तर भाजलेल्या पावात ३५ ते ४० टक्के. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते शेजारच्या पावातले पाणी ओढून घेतात आणि पाव लवकर कोरडा पडतो. म्हणून ते २० मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, निथळून, मळण्याच्या शेवटी घालावेत. बेदाण्यांऐवजी ताजा अननस घालण्याचा मोह टाळा. त्यातील ब्रोमेलिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. ग्लुटेनचे जाळेच विरघळले तर फुगणार काय?

एका पावाला ३०० ग्रॅम कणीक, सुमारे २२० मिलिलिटर पाणी, ६० ग्रॅम बेदाणे, दीड चमचा यीस्ट, एक चमचा मीठ आणि थोडे तेल पुरते. कणीक दुप्पट फुगल्यावर दाबून साच्यात घाला, पुन्हा फुगू द्या आणि १९० अंश सेल्सिअसला सुमारे ३५ मिनिटे भाजा. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे. घरी भट्टी नसेल, तर नानकटाईसारखा हा पावही जवळच्या बेकरीतून भाजून आणता येईल. या फुगण्याच्या वेळात आणखी एक काम होते. कोंड्यातील फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते. कणीक आंबताना त्याचा काही भाग मोडतो आणि लोह शरीराला अधिक मिळते. सोबत पेरू खाल्ला तर त्यातील क जीवनसत्त्वाची आणखी मदत होते.

पावाच्या १२ चकत्या केल्या, तर प्रत्येकीत सुमारे तीन ग्रॅम तंतू येतात. बेदाण्यांचा दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. म्हणजे भिजवताना पाण्यात उतरते ती सोडली, तरी दर चकतीत तीन ग्रॅमच्या आसपास साखर. ती दातांना चिकटते, तेव्हा खाल्ल्यावर चूळ भरावी.

चव ठरवताना घरच्यांना ‘हा पौष्टिक आहे’ असे आधी सांगू नका. आजीपासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाला डोळे मिटून मैद्याच्या आणि कणकेच्या पावाचे सारखे तुकडे द्या, क्रम बदलत राहा आणि उत्तरे लिहून ठेवा. दोन्ही पावांत बेदाणे हवेत, नाहीतर तुम्ही कणकेची नव्हे, बेदाण्यांची परीक्षा घ्याल!

विकतचा तपकिरी पाव घेतलात तर वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहिलेला असतो. पहिले नाव मैद्याचे असेल, तर तपकिरी रंग बहुधा कॅरॅमलचा समजावा. घरच्या पावात बुरशीरोधक नसते. पावसाळ्यात तो दोन दिवसांत संपवावा. फ्रिजच्या साध्या कप्प्यात स्टार्च लवकर कडक होतो, म्हणून उरलेल्या चकत्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून लागतील तशा तव्यावर शेकाव्यात. बुरशीचा एखादा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नये. तिचे तंतू आत कुठवर गेले आहेत, ते डोळ्यांना दिसत नाही.